कुत्र्याचं लिव्हर: रिपोर्टवरच्या बाणापासून फायब्रोसिसपर्यंत

कुत्र्याच्या लिव्हरचा आजार घरात दोन वाटांनी येतो. एकतर दातांची सफाई किंवा छोटी शस्त्रक्रिया करायची म्हणून आधी रक्त तपासलं जातं आणि एएलटी या लिव्हरच्या एन्झाइमच्या आकड्यापुढे वर जाणारा बाण दिसतो. कुत्रा मात्र ठणठणीत असतो. भांडं चाटूनपुसून साफ करतो, दाराची बेल वाजली की घर डोक्यावर घेतो. दुसऱ्या वाटेत कुत्रा काही आठवडे मलूल असतो, खाणं हुंगून बाजूला होतो आणि एके दिवशी डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो, किंवा पाठीची हाडं वर आलेली असताना पोट मात्र सुटलेलं दिसतं.

दुसऱ्या वाटेने आलेल्यांची धावपळ होते. पहिल्या वाटेने आलेले रिपोर्ट फाइलला लावतात, एखादं लिव्हर टॉनिक सुरू करतात आणि विसरून जातात. माझ्या मते धावपळ खरं तर पहिल्यांनी करायला हवी. फायब्रोसिस, म्हणजे लिव्हरमध्ये वण होणं, थोपवायची संधी कुत्रा ठणठणीत दिसत असतानाच असते. त्या काळात काय करायचं आणि कोणत्या क्रमाने, हे पुढे सांगतो. औषधांची नावं ओळख व्हावी म्हणून दिली आहेत; डोस मात्र तुमचे डॉक्टर कुत्र्याचं वजन आणि रिपोर्ट बघूनच ठरवतील.

आधी आजार समजून घ्या

लिव्हर पित्त तयार करतं, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन आणि रक्त गोठवणारे घटक बनवतं, साखरेचा साठा सांभाळतं आणि आतड्यातून आलेल्या अमोनियाचं युरियात रूपांतर करतं. एवढं काम असूनही त्याची राखीव ताकद दांडगी असते. साधारण दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश लिव्हर निकामी होईपर्यंत बाहेरून फारसं काही कळत नाही. म्हणूनच 'जेवतोय, खेळतोय, म्हणजे ठीक आहे' हा हिशेब इथे चालत नाही.

लिव्हरमधल्या बारीक रक्तवाहिन्या आणि यकृतपेशी यांच्या मधल्या फटीत तारकापेशी नावाच्या पेशी असतात. एरवी त्या जीवनसत्त्व अ साठवून निवांत असतात. पण विष, जास्तीचं तांबं, जंतू किंवा स्वतःचीच प्रतिकारशक्ती यांमुळे यकृतपेशी सतत मरत राहिल्या, तर तारकापेशी रूप बदलतात आणि कोलाजेनचे धागे विणायला लागतात. हाच वण, म्हणजे फायब्रोसिस. एकदाच झालेली इजा लिव्हर सहसा छान भरून काढतं. महिनोन्‌महिने चाललेली इजा मात्र वणांचे पट्टे तयार करते. हे पट्टे एकमेकांना जोडले गेले आणि मधल्या पेशींच्या गाठी झाल्या, की त्याला सिरॉसिस म्हणतात.

मग अडचण दुहेरी होते. काम करणाऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, आणि आतड्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतलं, म्हणजे पोर्टल शिरेतलं, रक्त कडक झालेल्या लिव्हरमधून पुढे सरकत नाही. दाब वाढतो, पोटात पाणी साचतं, जठराच्या अस्तरात व्रण होतात. रक्त आडवाटा शोधतं आणि लिव्हरला वळसा घालून थेट शरीरात जातं, त्याबरोबर अमोनियाही मेंदूपर्यंत पोचतो.

दिलासा एवढाच, की सुरुवातीचा फायब्रोसिस मूळ कारण थांबलं तर काही अंशी विरघळू शकतो. शरीर स्वतःच ते कोलाजेन मोडतं. वण थेट पुसून टाकणारं खात्रीचं औषध कुत्र्यांसाठी आज नाही. त्यामुळे सगळा खटाटोप कारण शोधण्याचा असतो.

पायरी १: बाण बघून घाबरू नका, पण तपासणी पुन्हा करा

एएलटी आणि एएलपी या दोन एन्झाइम्सचे आकडे बहुतेकांना गोंधळात टाकतात. जुन्या पद्धतीच्या रिपोर्टवर एएलटीला एसजीपीटी आणि एएसटीला एसजीओटी लिहिलेलं असतं, चाचण्या त्याच.

एएलटी यकृतपेशींच्या आत असतं. पेशी फुटली की ते रक्तात सांडतं. कुत्र्यात हा आकडा बऱ्यापैकी विश्वासाचा आहे. एएसटी लिव्हरबरोबर स्नायूंमध्येही असतं, त्यामुळे मार लागला, झटके आले किंवा अति धावपळ झाली तरी ते वाढतं.

एएलपीचं प्रकरण कुत्र्यात वेगळंच आहे. पित्ताचा मार्ग तुंबला की ते वाढतं हे खरं, पण स्टेरॉइडमुळे वाढणारा एएलपीचा एक खास प्रकार कुत्र्यांच्या शरीरात असतो. खाजेसाठी दिलेल्या गोळ्याच काय, कानात किंवा डोळ्यांत घालायच्या स्टेरॉइडच्या थेंबांनीही आकडा चढू शकतो. कुशिंग्ज आजारात शरीर स्वतःच जास्त स्टेरॉइड बनवतं, तिथेही तेच. झटक्यांसाठीच्या फेनोबार्बिटलने एएलपी वाढतं. वाढत्या पिल्लात ते हाडांमधून येतं, आणि म्हाताऱ्या कुत्र्यात बऱ्याचदा लिव्हरमध्ये झालेल्या निरुपद्रवी गाठींमुळे. एकटं एएलपी वाढलेलं असेल तर म्हणून आधी औषधांचं कपाट तपासा.

डॉक्टरांकडे जाताना गेल्या सहा महिन्यांत दिलेल्या सगळ्या गोष्टींची यादी न्या: गोळ्या, थेंब, मलम, जंतनाशक, सांधेदुखीची औषधं, पूरक पावडरी, 'नैसर्गिक' म्हणून दिलेल्या वनस्पतीसुद्धा. कार्प्रोफेनसारखी वेदनाशामकं, फेनोबार्बिटल, केटोकोनॅझोल, सल्फा गटातली प्रतिजैविकं, ॲझाथायोप्रिन, कर्करोगासाठीचं लोमुस्टिन ही सगळी कुत्र्याच्या लिव्हरला त्रास देऊ शकतात. मात्र फेनोबार्बिटल किंवा स्टेरॉइड स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, ते जास्त धोक्याचं ठरतं.

दातांचा जुनाट संसर्ग, स्वादुपिंडाची सूज, आतड्याचे आजार यांचाही ताण लिव्हरवर येतो आणि एन्झाइम्स थोडी वाढतात. मूळ आजार बरा झाला की आकडा उतरतो. थोडं वाढलेलं एएलटी असेल तर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. साधारण दोन महिने ते वाढलेलंच राहिलं आणि दुसरं कारण सापडत नसलं, तर 'बघू पुढच्या वर्षी' म्हणायचं नाही.

पायरी २: रिपोर्टचे दोन भाग करून वाचा

एका बाजूला लिहा: लिव्हरला इजा होतेय का? इथे एएलटी, एएसटी, एएलपी, जीजीटी. दुसऱ्या बाजूला: लिव्हर काम करतंय का? इथे अल्ब्युमिन, युरिया, ग्लुकोज, कोलेस्टेरॉल आणि बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग आणणारं द्रव्य. लोक पहिल्या बाजूवर चर्चा करत बसतात, पण कुत्र्याचं पुढे काय होणार ते बरंचसं दुसरी बाजू सांगते. अल्ब्युमिन घसरलंय, युरिया खालच्या टोकाला आहे, साखर आणि कोलेस्टेरॉलही कमी, असं चित्र असेल तर कारखाना बंद पडत चाललाय असं समजा. फक्त अल्ब्युमिन कमी असेल तर मूत्रातून किंवा आतड्यातून प्रथिनं जातायत का तेही तपासावं लागतं.

आता एक फसवी जागा. एएलटी खूप वाढलेलं होतं आणि औषध बदलता बदलता उतरलं, म्हणून घरात पेढे वाटावेत असा आनंद होतो. पण सिरॉसिसच्या शेवटच्या टप्प्यातही एएलटी जवळजवळ नॉर्मल दिसू शकतं, कारण सांडायला पेशीच फारशा उरलेल्या नसतात. उतरलेल्या एएलटीबरोबर अल्ब्युमिन टिकून आहे का, हे बघितल्याशिवाय खूश होऊ नका.

कावीळ दिसली की दोष लिव्हरचाच, असंही नाही. रक्तपेशी शरीरातच फुटत असतील तरी कुत्रा पिवळा पडतो, आणि पित्तनळी तुंबली तरीही. त्यामुळे हिमोग्राम बघितल्याशिवाय काविळीचा अर्थ लावता येत नाही.

पायरी ३: बाइल ॲसिड चाचणी

एन्झाइम्स वाढलेली आहेत, पण लिव्हर काम किती करतंय ते स्पष्ट नाही, अशा वेळी ही चाचणी कामाला येते. रात्रभर, साधारण १२ तास, कुत्र्याला उपाशी ठेवतात आणि सकाळी पहिला नमुना घेतात. मग थोडं स्निग्ध खाणं देतात आणि बरोबर दोन तासांनी दुसरा नमुना घेतात. जेवणानंतर पित्ताशय आकुंचन पावतं, पित्ताम्लं, म्हणजे बाइल ॲसिड्स, आतड्यात जातात, तिथून रक्तात शोषली जातात आणि निरोगी लिव्हर ती लगेच उचलून घेतं. दोन तासांनंतरही ती रक्तात भरपूर असतील, तर एकतर लिव्हर थकलंय किंवा रक्त त्याला वळसा घालून जातंय. दर लिटरमागे २५ मायक्रोमोलच्या वर आकडा गेला की बहुतेक डॉक्टर पुढची तपासणी सुचवतात.

घरून निघताना तुमची जबाबदारी दोनच गोष्टींची. सकाळी कुणी बिस्किटाचा तुकडा देणार नाही हे घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा. आणि दवाखान्यातलं खाणं न खाणारा कुत्रा असेल तर त्याचं आवडतं खाणं बरोबर न्या. दुसरा नमुना तो जेवल्याशिवाय निरर्थक आहे.

लिव्हर किंवा पित्तमार्गामुळे कावीळ झालेली असेल तर ही चाचणी करण्यात अर्थ नाही. बिलिरुबिनने आधीच उत्तर दिलेलं असतं.

पायरी ४: सोनोग्राफी

सोनोग्राफीत लिव्हरचा आकार, गाठी, पोटातलं पाणी, रक्ताच्या आडवाटा आणि पित्ताशय दिसतं. पित्ताशयाकडे खास लक्ष द्यायला सांगा. त्यात चिकट, घट्ट श्लेष्मा भरून राहण्याचा म्यूकोसील नावाचा आजार शेटलंड शीपडॉग, कॉकर स्पॅनियल, मिनिएचर श्नाउझर, बॉर्डर टेरियर यांच्यात जास्त दिसतो आणि पित्ताशय फुटलं तर जिवावर बेततं.

सोनोग्राफीत 'लिव्हर नॉर्मल' आलं म्हणजे सुटलो, असं मात्र नाही. जुनाट हेपटायटिस, म्हणजे लिव्हरची सूज, असलेलं लिव्हर पडद्यावर अगदी साधं दिसू शकतं. आणि फायब्रोसिस किती आहे हे नुसत्या चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही.

लहान वयाच्या, वाढ खुंटलेल्या, जेवणानंतर भ्रमिष्टासारखं वागणाऱ्या पिल्लात जन्मतःच असलेली आडवाट, म्हणजे पोर्टोसिस्टेमिक शंट, शोधावी लागते. यॉर्कशायर टेरियर आणि माल्टीजमध्ये ती जास्त सापडते. तो वेगळा आजार, त्यावर बऱ्याचदा शस्त्रक्रिया होते.

पायरी ५: बायोप्सी

इथे बहुतेक जण थबकतात, आणि ते स्वाभाविकही आहे. भूल, टोचणं, रक्तस्रावाची भीती, खर्च. पण जुनाट हेपटायटिस आहे का, फायब्रोसिस कितपत आहे आणि कारण काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं लिव्हरचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय मिळत नाहीत.

'सुई घालून काढून बघू' असं सांगितलं गेलं तर कोणती सुई, ते विचारा. बारीक सुईने थोड्या पेशी ओढून काढण्याला एफएनए म्हणतात. भूल लागत नाही, चटकन होतं, आणि लिम्फोमा हा कर्करोग किंवा पेशींमधली चरबी ओळखायला ते चांगलं आहे. पण वण पेशींच्या रचनेत असतो, आणि सुटी पेशी रचना दाखवत नाही. एफएनएमध्ये 'काही विशेष नाही' आलं म्हणून फायब्रोसिस नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

बायोप्सी तीन प्रकारे होते: सोनोग्राफीच्या मदतीने जाड सुईने, दुर्बिणीतून, किंवा पोट उघडून. दुर्बिणीची सोय असेल तर मी तिकडेच झुकेन. डॉक्टरांना लिव्हरचा पृष्ठभाग डोळ्यांनी दिसतो, वेगवेगळ्या खंडांतून मोठे तुकडे घेता येतात, आणि रक्त आलं तर तिथल्या तिथे दाबून थांबवता येतं. सुईने घेतलेले तुकडे बारीक असतात. पॅथॉलॉजिस्टला नीट मत द्यायला निदान १२ ते १५ पोर्टल जागा, म्हणजे जिथे रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका एकत्र असतात अशा सूक्ष्म जागा, नमुन्यात दिसाव्या लागतात. एकाच खंडातला तुकडा पुरत नाही, कारण आजार सगळीकडे सारखा पसरलेला नसतो.

आधी प्लेटलेट्स आणि रक्त गोठण्याच्या चाचण्या, म्हणजे पीटी आणि एपीटीटी, झाल्याच पाहिजेत.

आणि तुकडा प्रयोगशाळेत जाण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. नंतर विचारल्या तर कधी कधी उशीर झालेला असतो. तांब्यासाठी ऱ्होडानिन रंग लावणार का? फायब्रोसिससाठी सिरियस रेड किंवा ट्रायक्रोम रंग लावणार का? तांब्याचं नेमकं प्रमाण मोजायला वेगळा तुकडा ठेवलाय का? आणि जंतूंच्या कल्चरसाठी पित्त किंवा ऊती पाठवणार का? शेवटच्या प्रश्नाचं महत्त्व असं, की सगळे तुकडे फॉर्मालिनमध्ये टाकले की त्यातून जंतू वाढवता येत नाहीत.

पोटात खूप पाणी आहे, रक्त गोठत नाही, कुत्रा उभाही राहत नाही, अशा वेळी बायोप्सीचा आग्रह धरू नये. तिथे अंदाजाने उपचार करणं हाच शहाणपणा.

पायरी ६: कारणावर उपचार

तांबं. कुत्र्यांच्या जुनाट हेपटायटिसमध्ये हे कारण वारंवार सापडतं, आणि सापडलं तर सगळ्यात जास्त आशाही याच कारणात असते. निरोगी लिव्हरमध्ये कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे तांबं साधारण ४०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असतं. आकडा १,०००च्या वर गेला, त्याबरोबर सूज दिसली आणि तांबं प्रत्येक यकृतखंडिकेच्या, म्हणजे लिव्हरच्या सूक्ष्म घटकाच्या, मध्यभागी, शिरेभोवती साठलेलं असलं, तर तांबं हेच मूळ कारण समजतात. पित्त तुंबल्यानेही तांबं साठतं, पण ते कडेच्या पोर्टल भागात. म्हणून रिपोर्टमध्ये आकड्याबरोबर जागाही वाचायची.

बेडलिंग्टन टेरियरमध्ये तांबं बाहेर टाकण्याचं काम बिघडवणारा दोष सीओएमएमडी१ या जनुकात असल्याचं २००२ साली समोर आलं. लॅब्रॅडोरमध्ये एटीपी७बी जनुकातला बदल तांबं साठवतो. डोबरमन, डाल्मेशियन आणि वेस्ट हायलंड व्हाइट टेरियर हेही या यादीत येतात. लॅब्रॅडोर आणि डोबरमनमध्ये माद्यांत हा आजार जास्त दिसतो. म्हणून मध्यमवयीन लॅब्रॅडोर मादीचं एएलटी सतत वाढलेलं असेल तर माझ्या डोक्यात पहिल्यांदा तांबंच येतं. पण मिश्र जातीचा कुत्रा यातून सुटतो असं मुळीच नाही.

उपचार म्हणजे पेनिसिलॅमिन. हे तांब्याला धरून मूत्रावाटे बाहेर काढतं. रिकाम्या पोटी द्यावं लागतं, जेवणाआधी निदान अर्धा तास, शक्य तर तासभर. भरपेट अन्नाबरोबर दिलं तर फार कमी शोषलं जातं. अडचण अशी की रिकाम्या पोटी अनेक कुत्रे ते ओकून टाकतात. तसं झालं तर गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना फोन करा. कमी डोसने सुरुवात करून हळूहळू वाढवणं किंवा अगदी चिमूटभर खाण्याबरोबर देणं असे मार्ग असतात. औषध अनेक महिने चालतं. एएलटी नॉर्मल होईपर्यंत दर काही आठवड्यांनी रक्त, आणि मूत्रात प्रथिनं जात नाहीत ना हे बघायला मूत्रतपासणी.

जस्त म्हणजे झिंक आतड्यातच तांबं अडवतं. ते साठलेलं तांबं बाहेर काढत नाही, त्यामुळे त्याची पाळी पेनिसिलॅमिननंतर येते. दोन्ही एकत्र दिली तर एकमेकांचं काम बिघडवतात. झिंकचं प्रमाण रक्तात फार वाढलं तर रक्तपेशी फुटतात, म्हणून तेही मोजत राहायचं.

प्रतिकारशक्तीचा हल्ला. बायोप्सीत सूज भरपूर, तांबं कमी, जंतू नाहीत, औषधाचा संशय नाही, असं सगळं वजा करत गेल्यावर हे निदान उरतं. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन देतात. प्रेडनिसोलोनवर कुत्रा पाणी खूप पितो, शूला सारखा जातो, भुकेने कासावीस होतो. आणि एएलपी तर त्याच औषधाने वाढतं, त्यामुळे सुधारणा मोजायला एएलपीचा काही उपयोग राहत नाही. पोटात पाणी असलेल्या कुत्र्यात ते मीठ धरून ठेवतं, तेव्हा डॉक्टर पर्याय बघतात.

संसर्ग. लेप्टोस्पायरोसिस लिव्हर आणि किडनी दोन्ही पकडतो आणि माणसालाही होतो. नुसता संशय असला तरी मूत्र साफ करताना हातमोजे घाला, लहान मुलांना लांब ठेवा. उपचारात डॉक्सिसायक्लिन. हा आजार आणि ॲडिनोव्हायरस १चा हेपटायटिस, दोन्हींच्या लसी आहेत.

विष. झायलिटॉल घातलेलं च्युइंगम, सायकस म्हणजे सागो पामच्या बिया, निळ्या-हिरव्या शेवाळाचं पाणी, अफ्लाटॉक्सिन असलेलं बुरशी लागलेलं धान्य, काही विषारी अळंबी. हा तासांचा खेळ असतो. लक्षणं दिसायची वाट न बघता निघा. माणसांसाठीचं पॅरासिटामॉल कुत्र्याला तापासाठी देऊ नका.

आता टॉनिकबद्दल. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड पित्त पातळ करून वाहतं ठेवतं आणि ते खाण्याबरोबर देतात. एसएएमई आणि सिलिबिन पेशींना ऑक्सिडेशनपासून वाचवायला देतात. एसएएमईची गोळी रिकाम्या पोटी आणि अख्खी द्यायची, कुस्करली तर वरचं संरक्षक आवरण जातं. व्हिटॅमिन ई तशाच कामासाठी. यांना माझा विरोध नाही. विरोध आहे तो कारण न शोधता वर्षभर हेच देत बसण्याला. लिव्हरमध्ये तांबं भरलेलं असताना सिलिबिनने एएलटी थोडं उतरतं, घरच्यांना हायसं वाटतं आणि वण आतल्या आत वाढत राहतात. फायब्रोसिससाठी पूर्वी कोल्चिसिन द्यायचे. उलट्या-जुलाब होतात आणि फायद्याचा पुरावा तोकडा आहे.

पायरी ७: खाणं

लिव्हरचा आजार म्हटल्यावर पहिला सल्ला 'प्रथिनं बंद करा' असा मिळतो. तो बहुतेक कुत्र्यांसाठी चुकीचा आहे. लिव्हरला दुरुस्तीसाठी प्रथिनं लागतात. ती तोडली तर शरीर स्नायू जाळतं, आणि स्नायू तर अमोनिया निस्तरायला मदत करत असतात. प्रथिनं कमी करायची ती अमोनियामुळे मेंदूवर परिणाम दिसत असेल तरच, आणि तेव्हाही आधी प्रकार बदलून बघायचा: लाल मांसाऐवजी अंडं, दुग्धजन्य किंवा सोयाची प्रथिनं जास्त सोसतात.

तांब्याचा आजार असेल तर प्राण्यांचं लिव्हर आणि इतर अवयवांचं मांस, शिंपल्यातले जीव, सुका मेवा, डाळी, मशरूम वगळा. पूरक गोळ्यांच्या वेष्टनावर तांबं लिहिलेलं असतं, ते शोधा. पाणी तांब्याच्या नळातून किंवा भांड्यातून येत असेल तर ते बदला. घरी शिजवायचं असेल तर पशुपोषणतज्ज्ञाकडून प्रमाण ठरवून घ्या, नाहीतर कॅल्शियमपासून सगळंच बिघडतं.

एका वेळी पोटभर देण्याऐवजी दिवसात चारपाच वेळा थोडं थोडं द्या. आणि भूक मेलेली असेल तर पथ्य थोडं बाजूला राहू दे. आधी काहीतरी पोटात जाणं महत्त्वाचं.

पायरी ८: पोटातलं पाणी आणि अमोनिया

पाण्यासाठी आधी स्पायरोनोलॅक्टोन देतात, परिणाम दिसायला काही दिवस लागतात. गरज पडली तर जपून फ्युरोसेमाइड. त्याने पोटॅशियम उतरलं तर अमोनियाचा त्रास वाढतो, म्हणून घाई नको. खाण्यातलं मीठ कमी. पाण्याने श्वास कोंडत असेल तर सुईने थोडं काढतात. सारखं आणि सगळं काढलं तर त्याबरोबर अल्ब्युमिनही जातं.

अमोनिया मेंदूला चढला की कुत्रा गोल गोल फिरतो, भिंतीला डोकं टेकवून उभा राहतो, ओळखीच्या खोलीत धडकतो, लाळ गाळतो, झटकेही येतात. लॅक्टुलोज हे इथलं मुख्य औषध. मोठ्या आतड्यात ते आम्लता वाढवतं आणि अमोनिया तिथेच अडकून पडतो. डोस कळतो तो शी बघून: दिवसातून दोनतीनदा मऊ, आकार धरणारी शी झाली की बरोबर. पातळ पाण्यासारखी झाली तर जास्त झालं, आणि त्या जुलाबाने पाणी कमी पडून त्रास उलट वाढतो. बद्धकोष्ठता, पोटातला रक्तस्राव, एखादा संसर्ग, चोरून खाल्लेलं मांसाचं ताट, यांनी झटका ओढवतो.

घरची वही

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी वजन करा आणि शेवटच्या बरगडीच्या लगेच मागे पोटाचा घेर टेपने मोजा. टेप दर वेळी त्याच जागी येण्यासाठी तिथल्या केसांवर पुसली न जाणारी एक खूण करून ठेवता येते. वजन स्थिर आहे आणि घेर वाढतोय, याचा अर्थ स्नायू जातायत आणि पाणी येतंय. वजनकाट्यावर ही अदलाबदल दिसत नाही, टेपवर दिसते.

पिवळेपणा सकाळच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नाही. वरची पापणी अंगठ्याने हलकेच वर उचला आणि डोळ्याचा पांढरा भाग बघा, मग हिरड्या, मग कानाच्या पाळीची आतली, केस नसलेली बाजू. काळ्या हिरड्यांच्या कुत्र्यात डोळा आणि कानच भरवशाचे. मूत्र गडद नारिंगी झालंय का, शी डांबरासारखी काळी आहे का, हेही टिपा. उलटीची तारीख आणि त्या दिवशी काय खाल्लं होतं ते लिहा. डॉक्टरांसमोर 'मधूनमधून ओकतो' म्हणण्यापेक्षा ही पानं पुढे केली की डोस ठरवणं सोपं जातं.

काळी शी, रक्ताची उलटी, झटका, शुद्ध हरपणं, एकाएकी फुगलेलं पोट, अचानक आलेली कावीळ किंवा पूर्ण दिवस काहीही न खाणं: यांपैकी काहीही दिसलं तर वही बाजूला ठेवा आणि रात्र असली तरी दवाखाना गाठा.

तांब्याचं निदान पक्कं झालं तर आणखी एक काम उरतं. कुत्रा जिथून आणला त्यांना कळवा आणि त्याच वेतातल्या भावंडांच्या मालकांचा पत्ता लागत असेल तर त्यांनाही. साधी एएलटीची तपासणी त्या भावंडांमध्येही आजार लक्षणं दिसायच्या आत पकडू शकते. बेडलिंग्टन आणि लॅब्रॅडोरसाठी जनुकचाचणीही उपलब्ध आहे. मात्र लॅब्रॅडोरमध्ये ती धोका सांगते, निदान करत नाही. अशा कुत्र्याची पैदास करायची नाही; नसबंदीचा विषय निघेल तेव्हा लिव्हरच्या आजाराचं डॉक्टरांना स्पष्ट सांगून ठेवा, म्हणजे भूल देण्याआधी रक्त गोठण्याच्या चाचण्याही ते त्याच वेळी करून घेतील.